बाहेरच्या सल्लागारांसोबत काम करताना कंपनीची स्टँडर्ड्स वारंवार का बिघडतात, आणि ती कशी राखायची

इमारतींची ड्रॉइंग करणाऱ्या ऑफिसात कंपनीची स्टँडर्ड्स, म्हणजे फॉन्ट, रेघा, टॅग यांच्या ठरलेल्या व्याख्या, बिघडल्याची लक्षणं ओळखीची आहेत. टायटल ब्लॉकमधल्या (ड्रॉइंगवरच्या नाव-माहितीच्या चौकटीतल्या) अक्षरांचा फॉन्ट बदललेला. सेक्शनमधली जाड रेघ बारीक छापली जातेय. दारांच्या शेड्यूलमधला एक रकाना निम्म्या ओळींत रिकामा. गेल्या सबमिशनला सगळं नीट होतं, मधल्या काळात आपल्या ऑफिसातल्या कोणी काही बदललेलं नाही, आणि मॉडेलमध्ये स्ट्रक्चर, प्लंबिंग, एअर कंडिशनिंगवाले बाहेरचे सल्लागार काम करताहेत. मग बिम (इमारतीचं डिजिटल मॉडेल) सांभाळणारा माणूस रात्री बसून फॅमिली (दार, टॅग, टायटल ब्लॉक अशा तयार घटकांच्या फाईल) पुन्हा लोड करतो, व्ह्यू टेम्प्लेट (ड्रॉइंग कसं दिसावं याची ठरलेली सेटिंग) दुरुस्त करतो आणि सगळ्यांना मेल टाकतो की कृपया स्टँडर्ड्सना हात लावू नका. पुढचा टप्पा आला की पहिले पाढे पंचावन्न.

पुढचं सगळं रेव्हिट (मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर), ऑटोकॅड (ड्रॉइंग काढायचं) आणि ऑटोडेस्क डॉक्स (फाईल ठेवायची क्लाउडवरची जागा) धरून लिहिलं आहे, कारण बिघाड तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर मेनूंची नावं बदलतील, दुखणं फारसं बदलणार नाही.

परवानगी आवळूनही फरक का पडत नाही

पहिला उपाय सगळीकडे एकच होतो: स्टँडर्ड्सच्या फोल्डरची परवानगी ‘फक्त पाहा’ करून टाकायची. ते करायलाच हवं, पण त्याने ही तक्रार थांबत नाही. स्टँडर्ड्स दोन ठिकाणी राहतात. एक म्हणजे मूळ संच: टेम्प्लेट, फॅमिली लायब्ररी, शेअर्ड पॅरामीटरची (अनेक फाईलना सामायिक असलेल्या माहितीच्या रकान्यांची) टेक्स्ट फाईल, ऑटोकॅडच्या सीटीबी (छपाईत रेघांची जाडी ठरवणाऱ्या) फाईल. दुसरी म्हणजे प्रकल्प सुरू करताना टेम्प्लेटमधून मॉडेलच्या पोटात गेलेली प्रत. मॉडेल तयार झालं की त्या प्रतीचा मूळ संचाशी संबंध तुटतो. भिंतींचे प्रकार, लाईन स्टाईल, टेक्स्टचे प्रकार, व्ह्यू टेम्प्लेट, सगळं आता त्या एका फाईलमध्ये आहे.

फोल्डरची परवानगी मूळ संच राखते. मॉडेलमध्ये काम करायचा अधिकार ज्याला दिला, त्याच्या हातात आतली प्रत पूर्णपणे जाते. ‘भिंत उभी कर, पण भिंतीचा प्रकार बदलू नकोस’ अशी परवानगी देण्याची सोय रेव्हिटमध्ये नाही. आरव्हीटी (रेव्हिटच्या) फाईलला पासवर्ड नसतो. डीडब्ल्यूजीला (ऑटोकॅडच्या फाईलला) पासवर्ड लावायची जुनी सोय होती, तीही ऑटोकॅड २०१६ पासून काढून टाकली. वर्कसेट म्हणजे सुरक्षा असा समज बऱ्याच ठिकाणी आहे. वर्कसेट (मॉडेलमधल्या वस्तूंचे गट) कामाची वाटणी करण्यासाठी आहेत. जो सेंट्रल मॉडेल (सगळ्यांचं काम जिथे एकत्र येतं ती फाईल) उघडू शकतो, तो दुसऱ्याने धरून न ठेवलेलं काहीही बदलू शकतो.

म्हणून ‘कोणत्या फोल्डरला कोणती परवानगी’ याच्या आधी विचारायचा प्रश्न हा: कोणत्या फाईलमध्ये बाहेरच्या माणसाला लिहिण्याचा अधिकार आहे, आणि त्या फाईलच्या पोटात आपलं काय काय आहे?

आधी बिघाडाची जात ओळखा

एकसारख्या दिसणाऱ्या तक्रारींमागे तीन वेगळी कारणं असतात. ती न ओळखता दुरुस्ती केली की वेळ जातो आणि दोष भलत्याच माणसावर येतो.

पहिली जात: आपल्या व्याख्येवर दुसरी व्याख्या बसली. याचा मुख्य रस्ता म्हणजे ‘ट्रान्सफर प्रोजेक्ट स्टँडर्ड्स’. समजा, प्लंबिंगच्या सल्लागाराला त्याच्या जुन्या प्रकल्पातले पाइपचे प्रकार हवे आहेत. तो दोन्ही फाईल उघडतो, मॅनेज टॅबवरून ही आज्ञा देतो. समोर लांबलचक यादी येते आणि त्यातल्या खुणा आधीच लागलेल्या असतात. सगळ्या खुणा काढून फक्त पाइप निवडायचे कष्ट न घेता तो ‘ओके’ म्हणतो. सॉफ्टवेअर सांगतं की काही प्रकार आधीच आहेत, आणि विचारतं: ‘ओव्हरराईट’ की ‘न्यू ओन्ली’? इथे ‘ओव्हरराईट’ दाबलं की टेक्स्ट, डायमेन्शन, लाईन स्टाईल, फिल पॅटर्न, जिथे जिथे नाव जुळेल तिथे तिथे त्याच्या ऑफिसची व्याख्या आपल्या व्याख्येवर बसते. त्याला पाइप हवे होते, पाइप मिळाले. आपल्या रेघा आणि टेक्स्ट बिघडलं हे त्याच्या पडद्यावर दिसतही नाही.

इथे नाव जुळणं फार महत्त्वाचं आहे. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या मूळ टेम्प्लेटमधली नावं तशीच ठेवून फक्त आतले गुण बदलले असतील, तर जगातल्या बहुतेक ऑफिसांची नावं तुमच्या नावांशी जुळणार. प्रत्येक प्रकाराच्या, स्टाईलच्या आणि व्ह्यू टेम्प्लेटच्या नावाआधी कंपनीचं लघुरूप लावलं, तर हा अपघात बहुतांशी टळतो. एवढा स्वस्त आणि एवढा परिणामकारक दुसरा उपाय मला माहीत नाही. नवीन प्रकल्पाची वाट बघू नका, टेम्प्लेटमध्ये आजच करून घ्या.

फॅमिली लोड करतानाही हेच घडतं. त्याच नावाची फॅमिली आधी असली की दोन पर्याय येतात: फक्त फॅमिली बदला, किंवा फॅमिली आणि तिच्या पॅरामीटरच्या किमतीही बदला. दुसरा पर्याय निवडला की दरवाजाचे आकार, फायर रेटिंग, टायटल ब्लॉकमधल्या ठराविक नोंदी, प्रकाराला जोडलेलं सगळं बदलू शकतं.

ही जात तपासायची कशी? ‘कोलॅबोरेट’ टॅबवर ‘शो हिस्टरी’ आहे. कोणी, कधी सिंक केलं (आपलं काम सेंट्रलमध्ये जमा केलं) आणि काय शेरा लिहिला ते तिथे दिसतं. नेमकी कोणती वस्तू बदलली ते तिथे कळत नाही. त्यासाठी वर्कशेअरिंग डिस्प्ले चालू करून वस्तूवर कर्सर न्या. ती कोणी निर्माण केली आणि शेवटचं कोणी बदलली, हे कळतं. सिंक करताना शेरा लिहिण्याची सवय सगळ्यांना लावली, तर ही शोधाशोध निम्म्यावर येते.

दुसरी जात: परकं साहित्य आत आलं. आपली व्याख्या शाबूत आहे, पण तिच्या शेजारी शंभर दुसऱ्या उभ्या आहेत आणि लोक चुकीची निवडताहेत. रेव्हिटमध्ये ‘लाईन पॅटर्न्स’ची यादी उघडून पाहा. ‘इम्पोर्ट’ने सुरू होणारी नावं ओळीने दिसली, तर कोणीतरी डीडब्ल्यूजी इम्पोर्ट केली आहे, आणि बहुधा फोडलीही आहे. लिंक केलेलं मॉडेल ‘बाइंड’ केलं (कायमचं आत मिसळलं) तरी त्याचे सगळे प्रकार आत येतात. ऑटोकॅडमध्ये याची खूण लेयरच्या नावात सापडते: फाईलचं नाव, मग डॉलर, शून्य, डॉलर, आणि मग लेयर. हे एक्सरेफ (बाहेरून जोडलेलं ड्रॉइंग) बाइंड केल्याचं चिन्ह. ‘इन्सर्ट’ पद्धतीने बाइंड केलं तर ही खूण राहत नाही, लेयर सरळ मिसळतात, म्हणून शोधायला ते जास्त अवघड. डीजीएनमधून (मायक्रोस्टेशनच्या फाईलमधून) आलेल्या लाईन स्टाईल हा ऑटोकॅडचा जुना उपद्रव. कॉपी-पेस्ट करताना त्या एका फाईलमधून दुसरीत पसरतात आणि फाईल फुगत जाते. जुन्या आवृत्त्यांमध्ये साध्या पर्जने (न वापरलेलं काढून टाकणाऱ्या आज्ञेने) त्या निघतही नसत.

तिसरी जात सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते: सल्लागाराकडे आपलं स्टँडर्ड पोहोचलंच नाही, म्हणून त्याने स्वतःचं बनवलं. वर म्हटलेला शेड्यूलमधला रिकामा रकाना बहुतेक वेळा इथून येतो. रेव्हिटचा शेअर्ड पॅरामीटर नावाने ओळखला जात नाही. त्याच्यामागे एक लांबलचक ओळख क्रमांक असतो, आणि तो टेक्स्ट फाईलमध्ये नावाशेजारीच लिहिलेला असतो. सल्लागाराला ती फाईल मिळाली नाही. त्याने आमच्या ड्रॉइंगमध्ये ‘फायर रेटिंग’ असं नाव पाहिलं आणि त्याच नावाचा, त्याच प्रकारचा नवा शेअर्ड पॅरामीटर तयार केला. क्रमांक अर्थातच वेगळा. आता मॉडेलमध्ये एकाच नावाचे दोन पॅरामीटर आहेत. शेड्यूल आणि टॅग एकाला बांधलेले, त्याने किमती भरल्या दुसऱ्यात. तो शपथेवर सांगणार की मी भरलंय, आपण शपथेवर सांगणार की रकाना रिकामा आहे, आणि दोघंही खरं बोलताहेत. तपासायला त्याची फॅमिली उघडा, त्याच्याकडून त्याची शेअर्ड पॅरामीटर फाईल मागवा आणि दोन्ही क्रमांक शेजारी ठेवून वाचा.

ऑटोकॅडमध्ये हीच गोष्ट फॉन्ट आणि सीटीबीच्या बाबतीत होते. एसएचएक्स (ऑटोकॅडचा स्वतःचा) फॉन्ट सापडला नाही की पर्यायी फॉन्ट लागतो, मूळ सेटिंगमध्ये तो सिम्प्लेक्स असतो. मग अक्षरांची रुंदी बदलते आणि टीपा चौकटीबाहेर जातात. सीटीबी नाही म्हणून सल्लागार स्वतःची लावतो आणि रेघांची जाडी बदलते. या दोन्हींत त्याने काहीही बिघडवलेलं नाही. आपण द्यायला हवं होतं ते दिलं नव्हतं.

बिघडलेलं आधी दुरुस्त करा

सगळ्यांना सिंक करून मॉडेलमधून बाहेर पडायला सांगा. तुमच्याकडे एक शुद्ध संदर्भ फाईल हवी: टेम्प्लेटमधून काढलेली, कोणीही काम न केलेली, रेव्हिटच्या त्याच आवृत्तीतली. तिच्यातून मॉडेलमध्ये ‘ट्रान्सफर प्रोजेक्ट स्टँडर्ड्स’ करा, या वेळी हव्या तेवढ्याच गोष्टी निवडून आणि ‘ओव्हरराईट’ने. ज्या आज्ञेने बिघडलं तिनेच दुरुस्त होतं. फक्त ती एका माणसाच्या हातात आणि बाकी सगळे बाहेर असताना चालवायची. सल्लागाराने आणलेल्या, खरोखर लागणाऱ्या प्रकारांना हात लावू नका.

बिघाड फार खोल असेल आणि सेंट्रल फाईल सर्व्हरवर असेल तर ‘रिस्टोअर बॅकअप’ आहे, क्लाउडवर असेल तर जुन्या आवृत्त्या आहेत. पण मागे गेलं की मधल्या काळातलं सगळ्यांचं काम जातं. नुसत्या स्टँडर्ड्ससाठी तो मार्ग धरू नये असं माझं मत आहे.

दोन पॅरामीटरच्या भानगडीत घाईने एक काढून टाकू नका. आधी चुकीच्या रकान्यातल्या किमती शेड्यूलमध्ये शेजारी आणून योग्य रकान्यात भरा, तपासा, मगच दुसरा काढा. काढल्यावर त्यातला मजकूर जातो.

मूळ उपाय: लिहिण्याची फाईल वेगळी करा

बाहेरच्या सल्लागाराने आपल्या सेंट्रलमध्ये काम करू नये. त्याचं मॉडेल त्याच्या फाईलमध्ये, आपलं आपल्या फाईलमध्ये, आणि दोन्ही एकमेकांत लिंक. लिंक केलेल्या मॉडेलचे प्रकार आणि स्टाईल यजमान फाईलमध्ये मिसळत नाहीत. ती कशी दिसावीत ते आपण आपल्या व्ह्यूमधून ठरवू शकतो: यजमान व्ह्यूप्रमाणे, लिंकमधल्या व्ह्यूप्रमाणे किंवा स्वतंत्र सेटिंगने. लेव्हल आणि ग्रिड ‘कॉपी मॉनिटर’ने घ्यावेत, म्हणजे बदल झाला की सूचना येते. बाइंड करायचं नाही, हे लेखी ठरवून घ्या.

आयएसओ १९६५० या बिममधल्या माहिती व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१८ सालच्या पहिल्या भागातही हीच मांडणी आहे. सामायिक जागेतली माहिती चार अवस्थांमधून जाते: काम चालू, सामायिक, प्रकाशित आणि संग्रहित. एका चमूचं ‘काम चालू’ अवस्थेतलं साहित्य दुसऱ्या चमूला दिसू नये किंवा हाताळता येऊ नये, असं ते सांगतं. डॉक्ससोबतच्या ‘डिझाइन कोलॅबोरेशन’मध्ये याच तत्त्वाने प्रत्येक चमूला स्वतःचं फोल्डर मिळतं आणि दुसऱ्याचं काम पॅकेज म्हणून स्वीकारावं लागतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: एकच मॉडेल असेल तर समन्वय सोपा जातो. लहान कामात, एकाच छताखाली, ते खरं आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी टेम्प्लेट आली की समन्वयात वाचलेला वेळ दुरुस्तीत जातो.

एकाच सेंट्रलमध्ये काम करावंच लागत असेल तर

कधीकधी करारच तसा असतो. मग एक कमी माहीत असलेला मार्ग आहे. वर्कसेटच्या खिडकीत खाली ‘शो’ या भागात चार चौकटी असतात: वापरकर्त्यांनी बनवलेले, फॅमिली, प्रोजेक्ट स्टँडर्ड्स आणि व्ह्यू. एरवी पहिलीच टिक असते. ‘प्रोजेक्ट स्टँडर्ड्स’वर टिक केली की लाईन स्टाईल, मटेरियल वगैरे अंतर्गत वर्कसेटची यादी उघडते. स्टँडर्ड्स सांभाळणाऱ्या वेगळ्या खात्याने लॉगिन करा, हवे ते वर्कसेट ‘एडिटेबल’ करा, आणि सिंक करताना ‘प्रोजेक्ट स्टँडर्ड वर्कसेट्स’ सोडण्याची खूण काढा. आता मालकी त्या खात्याकडे राहते आणि इतरांना ते बदलता येत नाहीत. महत्त्वाच्या फॅमिली आणि व्ह्यू टेम्प्लेटचंही असंच करता येतं.

याच्या मर्यादा समजून घ्या. फाईल सर्व्हरवरच्या सेंट्रलमध्ये मालकी वापरकर्त्याच्या नावावर ठरते, त्या नावामागे पासवर्ड नसतो. क्लाउडवर ती खऱ्या ऑटोडेस्क खात्याशी बांधलेली असते, म्हणून तिथे हे जास्त भरवशाचं, पण त्यासाठी खरं खातं राखून ठेवावं लागतं. डिटॅच करून (सेंट्रलपासून प्रत तोडून) नवं सेंट्रल बनवलं की सगळी मालकी पुसली जाते आणि पुन्हा धरावी लागते. आणि सरसकट सगळं अडवून धरलं तर अडलेला माणूस वाट काढतो: भिंतीऐवजी डिटेल लाईन ओढतो, टॅगऐवजी हाताने टेक्स्ट लिहितो. ते मॉडेल वरून बरोबर दिसतं आणि क्वांटिटी काढताना चुकतं. म्हणून मोजकंच धरा, आधी चाचणीच्या मॉडेलवर वापरून बघा, आणि नवा प्रकार हवा असेल तर कोणाला विचारायचं व उत्तर किती वेळात मिळेल ते सांगून ठेवा.

बाहेर काय द्यायचं

संपूर्ण लायब्ररी देऊ नका आणि काहीच न देणंही टाळा. प्रकल्पापुरता संच बनवा: टायटल ब्लॉक, त्या सल्लागाराला लागतील तेवढे टॅग आणि भाष्याच्या फॅमिली, शेअर्ड पॅरामीटरची फाईल, सीटीबी, फॉन्टची यादी आणि परवाना परवानगी देत असेल तर फॉन्टही, लेयरची डीडब्ल्यूएस फाईल. ऑटोकॅडमध्ये ‘स्टँडर्ड्स’ आज्ञेने डीडब्ल्यूएस जोडली की ‘चेकस्टँडर्ड्स’ लेयर, लाईनटाइप, टेक्स्ट स्टाईल आणि डायमेन्शन स्टाईल तपासून देतं. ब्लॉक ते तपासत नाही, ते डोळ्यांनीच बघावे लागतात. ड्रॉइंग पाठवताना ‘ईट्रान्समिट’ वापरलं तर एक्सरेफ, फॉन्ट आणि प्लॉट स्टाईल एकत्र जातात आणि तिसऱ्या जातीच्या निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

वर्षानुवर्षांच्या कामातून जमलेले डिटेल, कॅल्क्युलेशन भरलेल्या फॅमिली, अंतर्गत लिस्प, डायनॅमो स्क्रिप्ट हे संचात नको. आयएसओ १९६५० चा पाचवा भाग २०२० साली आला, तो सुरक्षेबद्दलच आहे. माहिती ज्याला कामासाठी लागते त्यालाच द्यावी, ही त्यातली भूमिका इथे थेट लागू पडते. एक बारीक गोष्ट सुटते: आपण लिंकसाठी दिलेल्या मॉडेलमध्येही सगळ्या फॅमिली असतात, आणि मिळालेली फाईल उघडणारा त्या सहज बाहेर काढून ठेवू शकतो. देण्याआधी पर्ज केलेली, शीट आणि अनावश्यक व्ह्यू काढलेली प्रत द्या. ज्याला फक्त समन्वयासाठी आकार हवे आहेत, त्याला आयएफसी किंवा एनडब्ल्यूसी (मॉडेल फक्त बघायला आणि जुळवायला द्यायची) फाईल पुरते.

डॉक्समधले दोन सापळे

पहिला: उपफोल्डर वरच्या फोल्डरची परवानगी वारसाने घेतो, आणि खाली ती वाढवता येते, कमी करता येत नाही. प्रकल्पाच्या वरच्याच फोल्डरवर सल्लागाराच्या कंपनीला ‘एडिट’ दिलं आणि स्टँडर्ड्स त्याच्या आत ठेवली, तर ती उघडीच पडली. ती शेजारी ठेवा, आत नको. कंपनीची संपूर्ण लायब्ररी तर ज्यात बाहेरचं कोणी सदस्यच नाही अशा वेगळ्या प्रकल्पात हवी. दुसरा: परवानगी व्यक्तीला, भूमिकेला आणि कंपनीला अशी तीन बाजूंनी मिळते, आणि त्यातली सर्वांत मोठी लागू होते. एखाद्याची वैयक्तिक परवानगी ‘पाहा’वर आणूनही तो बदल करू शकत असेल, तर त्याची भूमिका आणि त्याची कंपनी दोन्ही तपासा. प्रोजेक्ट अ‍ॅडमिनला सगळे फोल्डर उघडे असतात, त्यामुळे ‘जरा सोयीसाठी’ बाहेरच्या कोणाला अ‍ॅडमिन करू नये.

डेस्कटॉप कनेक्टर वापरणाऱ्यांना आधीच सांगा की त्यांच्या संगणकावर दिसणारं फोल्डर तीच सामायिक जागा आहे. तिथून फाईल हलवली की सगळ्यांसाठी हलते.

काम संपल्यावर

सल्लागाराचं काम ज्या दिवशी संपतं त्याच दिवशी त्याच्या सगळ्या माणसांना प्रकल्पातून काढा, मधल्या काळात दिलेल्या शेअर लिंक बंद करा, आणि त्यांच्या नावावर अडकलेली मालकी किंवा उधार घेतलेल्या वस्तू मॉडेलमध्ये राहिल्या आहेत का ते त्याआधी बघा. नाव काढून टाकल्यावर ती मालकी सोडवणं कटकटीचं होतं. शेवटचं सिंक आणि ‘रेलिंक्विश ऑल माइन’ त्यांच्याकडूनच करून घ्या. उतरवून घेतलेल्या फाईल मात्र परत येत नाहीत. त्यांच्या वापराबद्दलचं कलम करारात लागतं, आणि ते संच देण्याआधी सही होऊन यायला हवं.